दूरवरून मत्स्यालयावर लक्ष: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घर काही दिवसांसाठी बंद करून गणपतीला कोकणात किंवा मे महिन्यात गावी जाणाऱ्या कुटुंबांपुढे घरातील मत्स्यालयाचे काय करायचे हा प्रश्न नेहमीच असतो. आणि वाय-फायवर चालणारे संवेदक, कॅमेरे व स्मार्ट प्लग स्वस्त झाल्यापासून मोबाइल हेच त्याचे तयार उत्तर आहे, असा अनेकांचा समज झालेला दिसतो. दूरस्थ निरीक्षण ही चार दुव्यांची साखळी असते: पाण्याचे तापमान, पातळी यांसारख्या गोष्टी मोजणारा संवेदक, ती मोजणी पुढे पाठवणारे घरातील वाय-फाय, ती साठवणारा उपकरण-कंपनीचा सर्व्हर आणि ती दाखवणारा मोबाइल. या साखळीचे मुख्य काम बातमी पोहोचवण्याचे आहे. बातमी मिळाल्यावर टाकीपाशी जाऊन काही करणारे कोणी नसेल, तर तिचा उपयोग फारच थोडा उरतो. पुढील गैरसमजांपैकी बहुतेकांचे मूळ ही मर्यादा नजरेआड होण्यात आहे.

गैरसमज १: मोबाइलवर आकडे ठीक दिसत असले, की पाणी ठीक असते.

वस्तुस्थिती: घरगुती संवेदक जे सहज मोजतात ते आणि माशांना ज्याचा सर्वाधिक धोका असतो ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तापमान मोजणे सोपे आणि स्वस्त आहे. हौशी मंडळी सर्रास वापरतात तो डीएस१८बी२० हा जलरोधक आवरणातही मिळणारा संवेदक अर्ध्या अंशाच्या फरकाने तापमान सांगतो, मात्र तो हीटरला लागून बसवला, तर टाकीचे नव्हे, हीटरजवळच्या पाण्याचे तापमान दाखवतो. सामू, म्हणजे पाण्याची आम्लता किंवा अल्कता दर्शवणारा पीएच, मोजणाऱ्या काचेच्या इलेक्ट्रोडची गोष्ट अधिक नाजूक आहे. २५ अंश सेल्सिअसला सामूच्या एका एककामागे त्यातून मिळणाऱ्या विद्युतदाबात जेमतेम ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. काचेवर शेवाळ धरले किंवा इलेक्ट्रोड जुना झाला, की हा आकडा हळूहळू भरकटतो. म्हणून सामू ४, ७ किंवा १० अशा ठरावीक मूल्यांच्या द्रावणांत बुडवून त्याचे वेळोवेळी अंशशोधन करावे लागते, म्हणजे ज्ञात मूल्याशी त्याचे वाचन जुळवून घ्यावे लागते.

खरा धोका असतो अमोनियाचा, आणि तो सामान्य घरगुती संवेदक-संचात मोजलाच जात नाही. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, कुजणाऱ्या खाद्यातूनही तो तयार होतो, आणि फिल्टरमधील सूक्ष्मजीव त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पाण्यातील एकूण अमोनियापैकी मुक्त स्वरूपातील अमोनिया विशेष विषारी असून त्याचे प्रमाण सामू आणि तापमान यांवर अवलंबून असते: २५ अंश तापमानाला सामू ७ असताना ते एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, तर सामू ८ झाल्यावर ते ५ टक्क्यांच्या पुढे जाते. मोबाइलवर तापमान व सामू दोन्ही नेहमीचेच दिसत असतानाही एखादा मासा मरून झाडांच्या आड कुजत असेल, तर अमोनिया वाढत राहतो आणि साखळीतल्या कोणत्याही दुव्याला त्याचा पत्ता लागत नाही. निघण्यापूर्वी थेंबांच्या चाचणी-संचाने अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आहेत याची खात्री करून घेणे आणि मधल्या काळात कोणाकडून तरी एकदा माशांची मोजदाद करून घेणे, याला म्हणूनच पर्याय नाही.

गैरसमज २: कॅमेरा लावला, की मासे डोळ्यांसमोर राहतात.

वस्तुस्थिती: मत्स्यालयावर कॅमेरा रोखण्याची कल्पना जवळजवळ वेबइतकीच जुनी म्हणावी लागेल. नेटस्केप कंपनीतील अभियंते लू माँटुली यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला ‘फिशकॅम’ हा इंटरनेटवरील अगदी सुरुवातीच्या थेट कॅमेऱ्यांपैकी एक होता. मात्र कॅमेऱ्याला दिसते ते वागणे, आणि वागण्याचा अर्थ जातीप्रमाणे बदलतो. गप्पी किंवा टेट्रा यांचा अख्खा थवा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत असेल, तर पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी पडत असल्याची किंवा अमोनिया-नायट्राइटने श्वसनात अडथळा आल्याची ती खूण असते. गोरामी आणि फायटर यांना मात्र हवेतून श्वास घेण्यासाठी स्वतंत्र अवयव असल्याने ते निरोगी असतानाही अधूनमधून वर येतात, आणि हे ठाऊक नसलेला मालक परगावी बसून विनाकारण घाबरतो.

माशांपेक्षा यंत्रणेवर रोखलेला कॅमेरा अधिक उपयोगी ठरतो. काचेवर पाण्याच्या नेहमीच्या पातळीला चिकटपट्टीची खूण, तिच्या शेजारी साधा तापमापक आणि फिल्टरच्या तोंडाशी उठणारे तरंग एवढे एका चौकटीत बसवले, तर दोन क्षणांच्या चित्रातून पाणी किती आटले, किती तापले आणि फिल्टर वाहतो आहे की नाही, हे तिन्ही कळते. शिवाय एखाद्या संवेदकाचा आकडा खरा की खोटा, याची पडताळणीही होते.

गैरसमज ३: इशारा आला नाही, म्हणजे सगळे सुरळीत आहे.

वस्तुस्थिती: वीज गेली, की फिल्टर व एअर पंप यांच्याबरोबर वाय-फाय राउटरही बंद पडतो; म्हणजे ज्या प्रसंगासाठी इशारा हवा, नेमक्या त्याच प्रसंगी तो पाठवणारी यंत्रणा मुकी होते. यावरचा उपाय असा, की घरातील उपकरणाने ठरावीक अंतराने ‘चालू आहे’ एवढाच संदेश बाहेरच्या सर्व्हरला पाठवत राहावे आणि तो ठरल्या वेळेत आला नाही, तर सर्व्हरने मालकाला कळवावे. उपकरण खरेदी करताना ‘ऑफलाइन’ झाल्याची सूचना मोबाइलवर आपोआप येते की केवळ ॲप उघडल्यावर दिसते, हे म्हणूनच पाहून घ्यावे. घरात इन्व्हर्टर असेल, तर राउटर आणि एअर पंप त्याच्या जोडणीवर घ्यावेत. नसेल, तर वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप हा कोणत्याही संवेदकापेक्षा मोलाचा असतो, कारण तो कळवत बसत नाही, काम करतो. उन्हाळ्यात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते, कारण २५ अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशाच्या पाण्यात सुमारे ७.५ मिलिग्रॅमच, आणि त्याच वेळी वाढत्या तापमानाबरोबर माशांची प्राणवायूची गरजही वाढते.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे इशाऱ्यांचा भडिमार. पाणवनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड शोषतात व रात्री सर्व सजीव तो सोडत राहतात, त्यामुळे भरगच्च वनस्पतींच्या टाकीत सामू दिवसा चढतो आणि रात्री उतरतो. हा चढउतार ध्यानात न घेता इशाऱ्याची मर्यादा आखली, तर रोज पहाटे खोटा इशारा येतो आणि चार दिवसांत मालक सूचना पाहायचेच सोडून देतो. आजचा आकडा कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी ताडून पाहणे हे अधिक शहाणपणाचे.

गैरसमज ४: ॲपमध्ये प्लग ‘चालू’ दिसतो, म्हणजे त्यावरचे उपकरण चालू आहे.

वस्तुस्थिती: ‘चालू’ याचा अर्थ प्लगमधील रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारा स्विच, मिटलेला आहे एवढाच. वीजवापर मोजणारा प्लगही पंपाच्या बाबतीत पुरेसा ठरतोच असे नाही, कारण गोगलगाय अडकून पंपाचा पंखा थांबला तरी त्याचे वेटोळे वीज ओढत राहू शकते. वीज परत आल्यावर प्लग आपोआप पूर्ववत सुरू होतो की बंदच राहतो, हे त्याच्या सेटिंगवर ठरते आणि निघण्यापूर्वी मेन स्विच एकदा बंद-चालू करून ते तपासता येते. टाकीबाहेरचा बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर बरेच तास बंद राहिला असेल, तर मात्र तो दुरूनच पुन्हा सुरू करणे धोक्याचे असते, कारण आतील साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपून सूक्ष्मजीव मरू लागलेले असतात आणि ते दूषित पाणी थेट टाकीत येते.

हीटरचा धोका याहून वेगळा आहे. त्याच्या थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू चिकटले, तर तो थांबतच नाही. १०० लिटर पाणी एका अंशाने तापवायला, उष्णता बाहेर जात नाही असे धरल्यास, १०० वॉटच्या हीटरला सुमारे ७० मिनिटे लागतात, तर ३०० वॉटच्या हीटरला २३-२४ मिनिटेच. गरजेपुरता लहान हीटर निवडला, तर बिघाड झाल्यावरही इशारा पाहून कोणाला तरी घरी पाठवायला वेळ मिळतो. आणि हीटरच्या आधी स्वतंत्र तापमान-नियंत्रक जोडला, तर एक निकामी झाल्यास दुसरा वीज तोडतो.

गैरसमज ५: मासे उपाशी राहू नयेत, म्हणून रोज खाद्य मिळालेच पाहिजे.

वस्तुस्थिती: मासे शरीराचे तापमान टिकवण्यासाठी अन्न खर्च करत नाहीत, त्यामुळे पूर्ण वाढ झालेले निरोगी मासे साधारण आठवडाभर खाद्याविना सहज राहतात, पिल्लांना मात्र हे लागू नाही. मालक नसताना होणारी हानी बहुधा उपासमारीने नव्हे, तर दयाळू शेजाऱ्याने घातलेल्या जास्तीच्या खाद्याने होते, कारण न खाल्लेले खाद्य कुजून अमोनिया वाढवते. दीर्घ मुक्कामासाठी खाद्याच्या एकेका वेळेच्या पुड्या बांधून त्यांवर तारखा घालाव्यात आणि उरलेला डबा कपाटात ठेवावा. स्वयंचलित खाद्ययंत्र वापरायचे झाल्यास ते निघण्याच्या आठवडाभर आधी सुरू करावे, कारण टाकीच्या वाफेने खाद्य दमट होऊन त्याच्या गुठळ्या तोंडाशी अडकतात किंवा एकदम पडतात. मोबाइलवर मासे भुकेले दिसले म्हणून खाद्याचे बटण दाबण्याचा मोहही आवरावा.

गैरसमज ६: एका फिश टँकवर हल्ला करून कोणाला काय मिळणार?

वस्तुस्थिती: हल्लेखोराला मासे नको असतात, घरातील नेटवर्कमध्ये शिरायला फट हवी असते. उत्तर अमेरिकेतील एका कॅसिनोच्या इंटरनेटशी जोडलेल्या मत्स्यालयामार्गे नेटवर्कमध्ये शिरून सुमारे १० गिगाबाइट माहिती फिनलंडमधील एका ठिकाणी पाठवली गेली, असे डार्कट्रेस या ब्रिटिश सायबरसुरक्षा कंपनीने २०१७ मध्ये उघड केले होते. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलणे, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे आणि अशी उपकरणे राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर ठेवणे, एवढी खबरदारी घरासाठी बहुतांशी पुरेशी असते.

या सर्वांतून खर्चाचा एक क्रम हाती लागतो. प्रत्येक बिघाडाबाबत तो ओळखू यायला किती वेळ लागेल, माणूस घरी पोहोचायला किती लागेल आणि मासे किती वेळ तग धरतील, हे तीन प्रश्न विचारावेत. पहिल्या दोन वेळांची बेरीज तिसऱ्यापेक्षा जास्त असेल, तर त्या बिघाडावर संवेदक लावून भागत नाही, तिथे आपोआप काम करणारी योजनाच लागते. उदाहरणार्थ, एअर पंप टाकीतील पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असताना वीज गेल्यास नळीतून पाणी उलटे वाहून जमिनीवर येऊ शकते. हा प्रकार मोबाइलवर पाहून थांबवता येत नाही, पण नळीत बसवलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तो होऊच देत नाही. म्हणून आधी असा व्हॉल्व्ह, बॅटरीचा एअर पंप व स्वतंत्र तापमान-नियंत्रक, मग कॅमेरा व तापमान-संवेदक, आणि सामूसारखी मोजमापे त्यानंतर, असा क्रम धरणे योग्य ठरते. यासोबत घराची किल्ली जवळपास राहणाऱ्या एका जबाबदार माणसाकडे असावी आणि कोणता प्लग काढायचा, कोणत्या बादलीतले क्लोरीन काढलेले पाणी किती घालायचे, हे लिहिलेला कागद टाकीलाच चिकटवलेला असावा. आलेल्या इशाऱ्याचे रूपांतर कृतीत करणारा तो माणूसच शेवटचा दुवा असतो.