कलमाचा चाकू घेताना



लोखंडी विळीवर कैरी चिरली की पाते काळे पडते, फोडींनाही काळसर कड येते, हे कोणत्याही घरात पाहायला मिळते. म्हणून चिरून झाल्याबरोबर ती विळी धुऊन, पुसून, कोरडी करून ठेवावी लागते. स्टीलच्या विळीला एवढे लाड लागत नाहीत. पण स्वयंपाकघरात विचारून पाहा, उत्तर बहुधा असे येते की, "धार म्हणाल तर लोखंडीचीच!" आज ज्या दोन चाकूंविषयी सांगणार आहे, त्यांचा वाद थेट या विळीच्या वादासारखा आहे. फरक इतकाच की येथे किंमत मोठी आहे, आणि निवड चुकली तर कैरीच्या फोडीऐवजी हंगामाची कलमे हातची जातात.

चाकू म्हणजे कलमे बांधायचा, मिटून खिशात ठेवता येणारा चाकू. गावच्या बाजारात तो स्वस्तात मिळतो आणि पुष्कळांचे काम त्यावर चालते. परंतु जो माणूस हंगामात दिवसाला शेकडो काप घेतो, तो केव्हा तरी चांगल्या चाकूचा विचार करतोच. मग दोन नावे पुढे येतात. एक जर्मनीतील रॉयटलिंगेन गावचा टीना. हा कारखाना १८५४ साली निघाला. दुसरे नाव स्वित्झर्लंडमधील ईबाख गावचे, व्हिक्टोरिनॉक्स. कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिराने १८८४ साली तेथे चाकूचे दुकान घातले आणि १८९१ साली स्विस लष्कराला शिपायांचे चाकू पुरवले. आईचे नाव व्हिक्टोरिया, आणि न गंजणाऱ्या पोलादाचा फ्रेंच शब्द 'इनॉक्स', या दोहोंच्या जोडीतून पुढे कारखान्याचे नाव झाले. त्या नावातच अर्धे उत्तर आहे. स्विस चाकू गंजत नाही. जर्मन चाकूचे नावाजलेले पाते साध्या कार्बन पोलादाचे, घडीव, अक्रोडाच्या लाकडाच्या मुठीत बसवलेले, ते गंजते. मग गंजणारा चाकू महाग असूनही लोक का घेतात?

त्यासाठी कलम जुळते कसे, ते आधी पाहू. साल आणि लाकूड यांच्या मध्ये एक पातळ, ओलसर, हिरवट थर असतो. शास्त्रात त्याला कँबियम म्हणतात. हा थर पेशींच्या मोजक्या रांगांचा, म्हणजे कागदाहूनही पातळ. खुंटाचा हा थर आणि कलमकाडीचा हा थर एकमेकांना भिडले, तरच तेथे नव्या पेशी भरून येतात आणि सांधा धरतो. मध्ये पोकळी राहिली तर पेशी ती काही अंतर भरून काढतात, पण तोवर काडी सुकते. शिवाय पोकळीत पाणी साचून बुरशी शिरते ती वेगळीच. म्हणजे काप सपाट हवा, एका ओढीत व्हायला हवा, आणि कडेची साल चेंगरता कामा नये. बोथट पाते कापत नाही, चेंगरते. चेंगरलेल्या पेशी मरतात, आणि वरून पॉलिथीनची पट्टी कितीही घट्ट बांधा, त्या काही परत जिवंत होत नाहीत.

आता पात्याची बैठक पाहा. कुऱ्हाडीचे पाते दोन्ही बाजूंनी उतरते असते आणि सुताराची पटाशी एकाच बाजूने उतरती, दुसऱ्या बाजूने सपाट असते. कुऱ्हाड लाकूड फाकवते, पटाशी ते सपाट तासते. कलमकाडीला पाचर करताना आपल्याला पटाशीचे काम हवे असते. काडीला टेकणारी बाजू सपाट असली, तर पाते पट्टीसारखे सरळ सरकते. दोन्हीकडून उतरते पाते मध्येच वर उचलले जाते आणि काप खोलगट होतो. खोलगट काप दिसायला छान दिसतो. पण दोन बोटांत जुळवून उजेडाकडे धरा, मधून फट दिसेल.

एकाच बाजूने धार असलेल्या चाकूत मात्र एक मेख आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा चाकू डावखुऱ्याला चालत नाही. त्याच्या हातात उतरती बाजू काडीला लागते आणि पाते सारखे निसटू पाहते. टीना कारखान्याने डावखुऱ्यांसाठी निराळे चाकू केले ते याचसाठी. आपल्याकडे डावखुऱ्या मुलाला कलम शिकवताना "तुझा हातच बसत नाही" म्हणून दटावतात. त्या पोराचा हात ठीक असतो, चाकू उलटा असतो. गुरुजनांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दोन्ही कारखाने एकाहून अधिक तऱ्हेची पाती काढतात. तेव्हा नाव पाहून घेऊ नका, धार कोणत्या बाजूला आहे ते पाहून घ्या.

राहिला प्रश्न पोलादाचा. चाकूच्या पोलादात साधारण अर्धा ते एक टक्का कार्बन असतो. तापवून पाणी दिले, की त्या कार्बनमुळे पाते कठीण होते. १९१३ साली इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी पोलादात बारा-तेरा टक्के क्रोमियम घातले आणि न गंजणारे पोलाद केले. क्रोमियमचा एक अतिशय पातळ पापुद्रा पृष्ठभागावर धरतो आणि खालच्या लोखंडाला हवा-पाणी लागू देत नाही. स्विस चाकूच्या पोलादात क्रोमियम चौदा टक्क्यांच्या आसपास असते. कठीणपणा मोजण्याचे रॉकवेल नावाचे माप आहे. त्यावर स्विस पाते ५६ च्या जवळ येते. हा कठीणपणा मुद्दाम बेताचा ठेवलेला आहे. पाते तुटत नाही, टवका उडत नाही, आणि निसण्यावर लवकर धार धरते. पण धार उतरतेही लवकर.

कार्बन पोलादाचा कण बारीक असतो आणि ते अधिक कठीण ठेवता येते. त्याला न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखी धार चढते आणि पुष्कळ काप टिकते. जुने वस्तरे या पोलादाचेच असत. मात्र आंब्याचा चीक किंवा सालीचा रस लागला, की पाते निळे-काळे पडते. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत, तिचेच हे भावंड. सालीतला तुरट अंश आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो. या काळेपणाला भिऊ नये. तो घासून चकचकीत करायचीही गरज नाही. भ्यायचे ते तांबूस गंजाला. गंज धारेच्या कडेलाच खड्डे पाडतो आणि तेथून धार करवतीसारखी होते.

मी स्वतः एकदा हा धडा घेतला आहे. श्रावणात काम आटोपून चाकू ओल्या फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. घरी गौरी-गणपतीची गडबड. बारा-तेरा दिवसांनी फडके सोडले, तो पात्यावर तांबडी बुरशी चढावी तसा गंज. निसण्यावर दोन दिवस घासून तो गेला, पण पाते तेवढे झिजले. पाते काही पुन्हा वाढत नाही.

आता कोणते काम, त्यावर कोणता चाकू, असे पाहू.

कोकणात पावसाळ्यात कोय कलमे बांधतात. खुंटरोप आठ-पंधरा दिवसांचे, तांबूस, कोवळे. त्याला चार-पाच सेंटिमीटरची चीर द्यायची, तेवढ्याच लांबीची पाचर कलमकाडीला करायची, आणि पट्टीने बांधायचे. खरे सांगायचे तर एवढ्या कोवळ्या कामाला महागडा चाकू लागतोच असे नाही. कित्येक वाकबगार कलमे बांधणारे दाढीचे पाते वापरतात, बोथट झाले की टाकून देतात, आणि त्यांची कलमे उत्तम धरतात. ज्यांचे सारे काम कोय कलमांचे, त्यांनी पैसे वाचवावेत, असे मी निःसंकोच सांगेन.

पण नाशिक-सांगलीकडे द्राक्षाच्या डॉगरिज खुंटावर कलम करताना काडी पक्व आणि टणक असते. तेथे दाढीचे पाते वाकते, घसरते आणि बोटात शिरते. आंब्याच्या जुन्या झाडावर नवी जात चढवतानाही तसेच. अशा लाकडावर जर्मन चाकूचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात. सकाळी पट्ट्यावर फिरवलेली धार पुष्कळ वेळ टिकते, आणि पाचरेची दोन्ही अंगे एकेका ओढीत निघतात.

मोसंबी-संत्र्याची गोष्ट निराळी. तेथे जंभेरीच्या खुंटावर डोळा भरतात. साल उचलायला चाकूच्या टोकाला बोथट पट्टी असली तर काम सोपे होते. ती दोन्ही कारखान्यांच्या डोळे भरण्याच्या चाकूंत मिळते. परंतु लिंबूवर्गीय झाडांत एक्झोकॉर्टिस नावाचा रोग असा आहे की तो चाकूच्या पात्यावरून एका झाडातून दुसऱ्यात जातो. झाड वरून निरोगी दिसते आणि पाते रोग घेऊन पुढे चालते. नुसत्या स्पिरिटने पुसून तो जात नाही. घरगुती ब्लीचचे द्रावण एक भाग आणि पाणी चार भाग, अशा मिश्रणात पाते बुडवावे लागते, तेही एका मातृवृक्षावरून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी. कार्बन पोलादाला हे मिश्रण म्हणजे विषच. दिवसभरात पाते खरवडल्यासारखे होईल. येथे मी दुसरा विचार न करता स्विस चाकू घ्या म्हणेन. त्यालाही मिश्रणात पडू देऊ नका. बुडवा, स्वच्छ पाण्यात काढा, पुसा. न गंजणारे पोलाद म्हणजे कधीच न गंजणारे, असा त्याचा अर्थ नाही.

लाकूड आणि रोग यांच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा की चाकू किती हातांत फिरणार? एकाच माणसाचा, त्याच्याच खिशात राहणारा चाकू असेल, तर कार्बन पोलाद घ्यावे. तो माणूस पाते पुसतो, संध्याकाळी खोबरेल तेलाचे बोट फिरवतो, सांध्यातही एक थेंब सोडतो. पाच मजुरांची रोपवाटिका असेल किंवा शाळेची बाग असेल, तर चाकू सर्वांचा म्हणजे कोणाचाच नाही. तेथे स्विस चाकूच टिकेल.

धार लावणे दोहोंनाही सारखेच शिकावे लागते, आणि महागडे चाकू जास्तीत जास्त येथेच वाया जातात. रस्त्यावरच्या फिरत्या चाकावर ते कधीही देऊ नका. ठिणग्या उडाल्या की धारेचे पाणी उतरले, असे समजा. बारीक निसणा पाण्याने भिजवा. उतरती बाजू तिच्या मूळ कोनात टेकवून, सर्व लांबीवर सारखी घासा. दुसऱ्या बाजूला एक बारीक पापुद्रा बोटाला जाणवू लागेल. मग सपाट बाजू निसण्यावर पूर्ण पालथी टेकवा आणि दोन-चार हात फिरवून तो पापुद्रा काढा. सपाट बाजू थोडीशीही उचललीत, तर पटाशीची कुऱ्हाड झाली. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर धार मागे राहील असे ओढा.

मुलांच्या हाती देण्यापूर्वी आणखी एक गोष्ट. या मिटत्या चाकूंना पाते अडवून धरणारा खटका नसतो. मुठीतल्या कमानीच्या ताणावरच ते उघडे राहते. टोक खुपसून जोर लावला, तर पाते उलटे मिटून बोटांवर येते. ओढून कापायला हा चाकू आहे, खुपसायला नाही. एकाकडून दुसऱ्याकडे देताना तो मिटूनच द्यावा.

दुकानात चाकू पाच-सात वेळा उघडून मिटून पाहा. पाते मुठीत शिरताना धार कमानीवर आपटत असेल तर तो नको. उघड्या पात्याला बाजूने हलकेच हलवा. ते लटपटता कामा नये. सपाट बाजूवर आरशासारखा ताव हवा असे नाही, पण पोलादी पट्टी लावली तर खालून उजेड दिसू नये.

खरेदी मृग निघण्याच्या पंधरा दिवस आधी करा. नव्या चाकूने लगेच हापूसच्या काडीला हात घालू नका. कुंपणाच्या जास्वंदीच्या पेन्सिलीएवढ्या फांद्या तोडून आणा आणि रोज वीस पाचरी करा. दोन पाचरी पाठीला पाठ लावून उजेडाकडे धरा. फट दिसेनाशी झाली की बागेत जा.