टू-लेटची पाटी

मुगवड्या घालायला गच्चीवर बसले होते. तेवढ्यात लेक वर आली आणि म्हणाली, “आई, दहा दिवसांत जॉईन व्हायचंय. घर बघायला तू येशील का माझ्यासोबत?”

जानेवारी २०२४ ची गोष्ट. नागपूरची नोकरी सोडून ती बेंगळुरूच्या कंपनीत चालली होती. मी म्हटलं, “येते की! एक घर शोधायला असा किती वेळ लागणार?” आपल्या गोंदियात काय, रामनगरात दोन ओळखीच्यांना सांगितलं की संध्याकाळपर्यंत चार घरांचा पत्ता लागतो. मैत्रिणींनो, परराज्यात घर शोधणं म्हणजे काय असतं, ते तेव्हा मला ठाऊकच नव्हतं.

पहिला फटका घरबसल्याच बसला. मोबाईलवर एक फ्लॅट दिसला. फोटो झकास, भाडं कमी. फोनवरचा माणूस म्हणाला, “मी बदलीवर बाहेरगावी आहे. गेट पाससाठी पाच हजार पाठवा, घर बघून झालं की परत करतो.” लेक नको नको म्हणत होती, पण “हातचं घर जाईल” म्हणून यांनी पैसे पाठवून टाकले. दुसऱ्या दिवशी तो नंबर बंद! १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार केली, पण ते पैसे काही परत आले नाहीत. तेव्हापासून एक गाठ पक्की बांधली : स्वतः किंवा आपल्या माणसाने घरात पाय ठेवल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही.

वैनगंगेच्या नावाची कोरबा-यशवंतपूर गाडी आपल्या गोंदियावरून जाते. तिनेच आम्ही मायलेकी निघालो. डब्यात तिळाचे लाडू आणि पर्समध्ये पोस्टातली आर.डी. मोडून आलेल्या पैशांचं चेकबुक.

रांगेत आपला नंबर कितवा?

कोरोनात आपापल्या गावी गेलेली मुलं २०२२ पासून ऑफिसं उघडली तशी बेंगळुरूला परतली आणि भाडी भडकली. घर बघायला गेलो की जिन्यात आमच्याआधी दोन-तीन कुटुंबं उभी असायची. एजंट म्हणायचा, “मॅडम, आत्ता टोकन द्या. संध्याकाळी घर राहणार नाही.”

भाड्याहून मोठा धक्का ॲडव्हान्सचा. तिकडे डिपॉझिटला ॲडव्हान्स म्हणतात आणि जुनी पद्धत दहा महिन्यांच्या भाड्याची! पंचवीस हजारांच्या घराला अडीच लाख. मी तर “बाप्पा!” म्हणून मटकन् खालीच बसले. केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायद्याचा जो नमुना काढला, त्यात राहत्या घराला दोनच महिन्यांची मर्यादा आहे. पण घरभाडं हा राज्यांचा विषय. राज्याने तसा कायदा केला तरच तो लागू होतो, म्हणून नुसता नमुना दाखवून घरमालक ऐकत नाहीत. घासाघीस मात्र करता येते. अनेक मालक पाच-सहा महिन्यांवर येतात. मोठमोठे आकडे ऐकून आपणच गप्प बसतो.

आणखी दोन गोष्टी कळल्या. घर सोडताना रंगकामाचे म्हणून महिन्याचं भाडं कापून घ्यायची तिथे सर्रास पद्धत आहे. ते किती कापणार, हे आधीच कागदावर लिहून घ्यावं. दुसरं म्हणजे ‘लीज’. एकदम मोठी रक्कम द्यायची, दर महिन्याचं भाडं नाही आणि मुदत संपली की रक्कम परत. ऐकायला गोड वाटतं. पण घरावर कर्ज असेल किंवा मधला माणूस पैसे घेऊन पसार झाला, तर आपली जन्माची पुंजी अडकते. अशा वाटेला जायचंच असेल तर खरा मालक कोण आणि घरावर बोजा किती, हे सब-रजिस्ट्रारकडच्या दाखल्यावरून वकिलाकडून तपासून घ्यावं.

नळ उघडला आणि...

व्हाईटफील्डकडचं एक घर लेकीला फार आवडलं. ऑफिसजवळ, मोठी गॅलरी, चकाचक फरशी. एजंट टोकनची घाई करत होता. मी सवयीने स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडला. तोटीवर क्षारांचा पांढरा थर आणि धार अगदी बारीक. शेजारच्या बाईंना हिंदीत विचारलं. (बाजारात हिंदी बोलायची आपली गोंदियाची सवय तिथे कामी आली!) त्या म्हणाल्या, “बोअरचं पाणी आहे. उन्हाळ्यात टँकर येतो, त्याचे पैसे वेगळे.”

मी नको म्हटलं. लेक रुसली. “आई, अशाने आपल्याला घरच मिळणार नाही!” रात्रभर मलाही झोप नव्हती. आपण पोरीचं नुकसान तर केलं नाही ना?

दोनच महिन्यांनी उत्तर मिळालं. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पाण्याचा हाहाकार उडाला. आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला, बोअर आटलेले. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजारांचा दंड लावायची वेळ पाणीपुरवठा मंडळावर आली. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून त्या शहरात आणतात. भोवतीच्या ११० गावांच्या नव्या वस्तीसाठी कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. म्हणून अजूनही तिथे घर बघताना पहिला प्रश्न हाच : कावेरीचं पाणी, बोअरचं की टँकरचं?

आडनाव काय?

पाण्याचं निभलं, पण पुढचा प्रश्न जिव्हारी लागला. एका घरी “एकट्या मुलींना देत नाही” म्हणून दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या घरी काय खाता हे विचारलं, मग आडनाव, आणि मग, “म्हणजे तुम्ही कोण?” लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

खाली का बघितलं, ते सांगते. गोंदियात आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत, भाड्याने देतो. कधी बालाघाटकडची शिक्षिका, कधी नर्सिंगच्या मुली. आजवर मीसुद्धा खोली दाखवण्याआधी हेच विचारत आले, “आडनाव काय? कोण लोक तुम्ही?” त्यात काही वावगं वाटलंच नाही कधी. आपल्या लेकीला कुणी तसं विचारलं, तेव्हा समजलं की तो प्रश्न किती टोचतो.

शेवटी लेकीच्या मैत्रिणीने सल्ला दिला की एजंट सोडा आणि जुन्या वस्तीत पायी फिरा. सी. व्ही. रामन नगरच्या गल्ल्यांत दोन दिवस चपला झिजवल्या. “मने बाडिगेगे इदे,” म्हणजे घर भाड्याने आहे, एवढं कन्नड पाठ केलं. एका फाटकावर टू-लेटची पाटी दिसली. दार उघडलं एका निवृत्त शिक्षिकेने. “निम्म ऊरु यावुदु?” तुमचं गाव कोणतं, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “गोंदिया, महाराष्ट्र. धानाचा मुलूख.” त्या हसल्या आणि आम्हाला आत बोलावून कॉफी दिली.

नळाला कावेरीचं पाणी होतं. भाडं बावीस हजार, मैत्रिणीसोबत निम्मं-निम्मं. दहा महिन्यांचा ॲडव्हान्स पाच महिन्यांवर आला, म्हणजे एक लाख दहा हजार. तो बँकेतून दिला, पावती घेतली. अकरा महिन्यांचा करार केला. त्यात रंगकामाची रक्कम आणि ॲडव्हान्स किती दिवसांत परत, हेही लिहिलं. खोल्यांचे, नळांचे, भिंतींचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकिणीला पाठवून ठेवले. ऑफिस थोडं लांब पडलं, पण व्हाईटफील्डपर्यंत मेट्रो ऑक्टोबर २०२३ पासून सलग सुरू झाली होती, तिने ते अंतर सोपं केलं.

परत आल्यावर मी आधी आमच्या खोल्यांचे कागद काढले. कागद कसले, काहीच नव्हते! आपल्या महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे माझीच. वाद झाला आणि तसा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. यांच्यामागे लागून करार करून घेतले.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर लातूरकडची एक मुलगी आईसोबत आमच्याकडे आली. गोंदियाच्या सरकारी मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळालेला, पण हॉस्टेलला जागा नव्हती. आई दमलेली होती, हातात पिशवी. खोली बघून झाल्यावर ती दारातच उभी राहिली. आता काय विचारतील, अशी भीती तिच्या तोंडावर दिसत होती.

मी म्हटलं, “ताई, आधी नळ उघडून पाणी बघून घ्या. मग चहा घेऊ आणि कागदाचं बोलू.”

आडनाव मला करार लिहितानाच कळलं.