पावसात भेटलेला हत्ती

मुलांनो, मुंबई पाहायची म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? समुद्र, लोकल गाडी, उंचच उंच इमारती, हो ना? आमच्या शाळेतल्या अकरा मुलांच्या डोळ्यांपुढंही तेच होतं. आमची शाळा तेरजवळच्या एका खेड्यात. धाराशिव जिल्हा म्हणजे पावसानं कायम रुसलेला भाग. ऑगस्टमध्ये जोडून सुट्ट्या आल्या, तेव्हा आम्ही दोघं शिक्षक या मुलांना घेऊन रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीत बसलो. बेत असा होता, की गेटवेला जायचं, लाँचमध्ये बसायचं आणि घारापुरीची लेणी बघायची.

सकाळी मुंबईत उतरलो, तर पाऊस नुसता कोसळत होता! मुलं आधी खूश झाली. एक जण म्हणाला, "बाई, एवढं पाणी फुकट समुद्रात चाललंय. आपल्या तेरणेत का पडत नाही ओ?" याला काय उत्तर द्यावं?

गेटवेला पोहोचलो, तर समुद्र खवळलेला आणि लाँच बंद. अकरा चेहरे एकदम उतरले. एक मुलगी तर रडायच्या बेतात होती. तेवढ्यात आमचे सर म्हणाले, "चला, जवळच एक घुमटाची इमारत आहे. निदान डोक्यावर छप्पर तरी मिळेल."

ते होतं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. या इमारतीचा पाया १९०५ मध्ये घातला गेला. इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, पण तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तिथं सैनिकांसाठी इस्पितळ थाटावं लागलं. लोकांसाठी संग्रहालय उघडलं ते १९२२ मध्ये. इमारतीचे शिल्पकार जॉर्ज विटेट. गेट वे ऑफ इंडियाही त्यांचाच बरं का! घुमटाची कल्पना त्यांनी विजापूरच्या गोलघुमटावरून घेतली.

ओले केस पुसत मुलं आत शिरली. सिंधू संस्कृतीच्या दालनात साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची वजनं होती, दागिने होते, मासे धरायचे गळही होते. "म्हणजे तेव्हाची माणसं पण बाजार करायची?" कुणीतरी विचारलं. करायची की! भाव करताना भांडतही असतील.

सगळी मुलं पुढं गेली, पण सातवीतला एक मुलगा दागिन्यांच्या कपाटापाशीच थांबला. एरवी हा वर्गात सगळ्यात जास्त बडबड करणारा! मी जवळ गेले. त्यानं खिशातून काडेपेटी काढली आणि हळूच उघडली. आत चार मणी होते. दोन लालसर दगडाचे, एक निळ्या काचेचा, एक शंखाचा.

"बाई, आमच्या रानात पहिला पाऊस पडला की असे मणी वर येतात. मी गोट्यांच्या बदल्यात देतो पोरांना. हे पण जुने असतील का ओ?"

मुलांनो, तेर हे काही साधंसुधं गाव नाही. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव होतं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकात त्याचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे फार मोठं शहर आहे आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात येतं, असं त्यात सांगितलं आहे. तेरला हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी पुष्कळ साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीतल्या पाँपेई शहरात मिळाली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. कुठं तेर आणि कुठं इटली!

हे ऐकल्यावर त्यानं काडेपेटी मिटली आणि घट्ट मुठीत धरली.

दुपारी लोकलनं भायखळ्याला गेलो. तिथं राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. हे मुंबईतलं सर्वांत जुनं, १८७२ चं. बाहेरच्या आवारात पावसात न्हात उभा होता एक काळा दगडी हत्ती. हत्तीची गोष्ट कळली आणि मुलं पाऊस विसरली. हा हत्ती मूळचा घारापुरीचा! त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. १८१४ मध्ये त्याचं डोकं गळून पडलं. पुढं १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्ती फुटला. ते तुकडे या बागेत आले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला.

"घारापुरीला आपण गेलो नाही, पण घारापुरीचा हत्तीच आपल्याला भेटला!" सकाळी रडवेली झालेली ती मुलगी म्हणाली.

काडेपेटीवाला मात्र वेगळंच विचारत होता. "बाई, पन्नास वर्षं तुकडेच होते ना? मग कुणी फेकून कसे दिले नाहीत?"

कारण कुणीतरी ते जपले. संग्रहालय म्हणजे दुसरं काय असतं? आपल्या तेरलाही हेच झालं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातले मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर्षानुवर्षं गोळा केल्या आणि जपल्या. त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय आज तेरला आहे. ती हस्तिदंती मूर्ती तिथंच आहे. आणि आमच्या अकरांपैकी किती जणांनी ते पाहिलं होतं? फक्त दोघांनी! मलाच लाज वाटली. मुंबईआधी तिथं न्यायला हवं होतं.

रात्री परतीच्या गाडीत तो माझ्याशेजारी येऊन बसला. "मणी तेरला देऊ म्हणतो. पण बाकीचे माझ्या बहिणीच्या माळेत आहेत. मागितले तर ती रडंल."

मी म्हणाले, "माळ ओढून घेऊ नकोस. आधी तिला हत्तीची गोष्ट सांग. आणि मणी कुठं सापडले ते कागदावर लिही. जागा ठाऊक नसेल, तर जुनी वस्तू निम्मी मुकी होते."

चार दिवसांनी तो कागद घेऊन आला. 'आमच्या रानात, विहिरीच्या वरच्या अंगाला, पहिल्या पावसानंतर.' खाली दोन नावं होती, त्याचं आणि बहिणीचं. बहिणीनं माळ दिली होती, पण आपलं नाव वर लिहायच्या अटीवर! अजून ते वर लिहिलेलं नाही म्हणून ती फुगली आहे.

येत्या शनिवारी आम्ही सगळे तेरला निघालो आहोत. तुमच्या गावाच्या मातीतही असं काही असेल. पाऊस पडून गेला, की जरा खाली बघून चाला. काही सापडलंच, तर खेळण्यात घालवू नका. जागा लिहून ठेवा आणि तुमच्या गुरुजींना किंवा बाईंना दाखवा.