सशांनी शिकवलेली उत्क्रांती

उत्क्रांती म्हटली की आपल्याला दगडात सापडलेली हाडं आठवतात. पण ती डोळ्यांदेखत घडत असताना मोजताही येते. तिचा सर्वांत चोख हिशेब ऑस्ट्रेलियातल्या सशांनी ठेवायला लावला.

१८५९ साली थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी व्हिक्टोरियात युरोपातले रानससे सोडले. त्यांनी पुढे देशभरची कुरणं फस्त केली. अखेर १९५०मध्ये त्यांच्यावर मिक्सोमा विषाणू सोडण्यात आला. लागण झालेल्या शंभर सशांतले नव्याण्णव मरू लागले. त्याच सुमारास माणसांत मेंदूज्वराची साथ आली आणि ती याच विषाणूमुळे आली असावी, या भीतीने लोक बिथरले. तेव्हा फ्रँक फेनर, मॅकफार्लेन बर्नेट आणि इयन क्लुनिस रॉस या शास्त्रज्ञांनी हाच विषाणू स्वतःला टोचून घेतला. तिघांनाही काही झालं नाही.

फेनर यांची पद्धत साधी होती. रानातून आणलेला नवा विषाणू प्रयोगशाळेतल्या, या रोगाशी कधी गाठ न पडलेल्या सशांना टोचायचा आणि किती मरतात, किती दिवसांत मरतात ते बघायचं. यावरून विषाणू किती बदलला ते कळे. मग साथ अंगावरून न गेलेले रानससे पकडून त्यांना ठरावीक विषाणू द्यायचा. यावरून ससा किती बदलला ते कळे. उराना सरोवराकाठच्या सशांत एकाच विषाणूने आधी नव्वद टक्के मरत. सात साथींनंतर जेमतेम पाव मरू लागले.

विषाणूही काही वर्षांत मवाळला. हा विषाणू डासाच्या शरीरात वाढत नाही. सशाच्या फोडांवरून सोंडेला नुसता चिकटतो. ससा चटकन मेला तर डासांना दिवस कमी मिळतात, चटकन बरा झाला तर फोड सुकतात. म्हणून मधले वाण टिकले.

गॅलापागोस बेटांवर ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने १९७७च्या दुष्काळात फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या, तीही याच जातीची चिकाटी. टणक बिया फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी जास्त तगले. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८मध्ये ई. कोलाय जिवाणूंच्या बारा कुप्या वाढवायला घेतल्या आणि दर पाचशे पिढ्यांनी नमुने गोठवून ठेवले. एका कुपीतले जिवाणू प्राणवायूच्या सान्निध्यात सायट्रेट खायला शिकले, तेव्हा त्यांचे पूर्वज पुन्हा जागे करून त्या बदलाची वाट शोधता आली. माझ्या मते उत्क्रांतीच्या अभ्यासाचं खरं भांडवल म्हणजे अशी शीतकपाटं आणि संग्रहालयांचे खण. २०१९मध्ये संग्रहालयांतल्या जुन्या सशांची जनुकं आजच्या सशांशी ताडून पाहिली, तर ब्रिटन, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांत बरेचसे तेच बदल निवडले गेलेले दिसले.

करोनाकाळात ‘विषाणू कालांतराने सौम्य होतोच’ असं छातीठोकपणे सांगितलं जाई. या सशांच्या गोष्टीचा अर्धाच भाग त्याला आधार देतो. १९९०च्या दशकातले ऑस्ट्रेलियन मिक्सोमा विषाणू प्रयोगशाळेतल्या सशांना टोचले, तेव्हा त्यांनी प्रतिकारशक्तीच दडपली आणि ससे झपाट्याने दगावले. ससा चिवट झाला, तसा विषाणूही पुन्हा जहाल झाला होता.