विक्रीचे जळण वाळवूनच विकावे

बीड जिल्ह्यातील शेतकरी बांधावरील बाभळीचे लाकूड जळणासाठी विकतात. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. चुलीतील बरीच उष्णता ते आटविण्यातच खर्ची पडते व धूर वाढतो.

थंड हवेच्या देशांत जळण भट्टीत वाळवितात. परंतु भट्टीलाही इंधन लागते. आपल्याकडे मार्च ते मेचे कडक ऊन हेच काम फुकट करते. ओंडके फोडावेत, दगडांवर वीतभर उंचीवर हवा खेळेल अशी थप्पी रचावी. पावसाळ्यात माथा झाकावा, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. टोकांस चिरा पडल्या व दोन लाकडे आपटल्यास खणखणीत आवाज आला, म्हणजे जळण वाळले असे समजावे.

वजन घटते म्हणून विक्रेते कचरतात. निम्मे पाणी असलेले १०० किलो लाकूड, पाणी २० टक्क्यांवर आल्यावर, ६२.५ किलो भरते. ओल्याचा भाव किलोस ५ रुपये धरल्यास वाळलेल्यास ८ रुपये मिळाले, तरच रक्कम तेवढीच राहते. मात्र वाळलेल्या किलोतून उष्णता सुमारे पावणेदोनपट मिळते. म्हणून हा भाव गिऱ्हाइकासही परवडतो. हा हिशेब त्यास समजावून द्यावा आणि भाव आधी ठरवूनच माल वाळवावा.