अंजीर आधी, सीताफळ शेवटी

सणाच्या दिवशी दोन लिटर दूध आटवावे, त्यात ताज्या फळाचा गर घालावा आणि सगळे पातेले वाया जावे, असे ज्या घरात झाले असेल तिथे दोष बहुधा दुधालाच दिला जातो. प्रत्यक्षात दूध चांगले असते, फळ घालायची वेळ चुकलेली असते. ताजे अंजीर तसेच्या तसे दुधात गेले की दूध फुटते आणि थोड्या वेळाने कडवट लागते. सीताफळाचा गर उकळत्या दुधात गेला तर दूध फुटत नाही, पण गराची चवच कडू होते. एका फळाला आधी आच द्यावी लागते, दुसऱ्याला आच लागूच द्यायची नसते.

बीड जिल्ह्यात हा फरक नुसत्या बासुंदीपुरता राहत नाही. डोंगरातल्या फळाला दोन पैसे जास्त मिळणार की नाही, हेही त्यावर ठरते.

बीड हा बालाघाटाच्या रांगेवर पसरलेला, पावसाने कायम हात राखून दिलेला जिल्हा. इथल्या मुरमाड उतारांवर सीताफळ आपसूक वाढते. कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही. उन्हाळ्यात झाड पाने टाकून तग धरते, पुन्हा पालवते, फुलते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास फळ देते. शेळ्यामेंढ्या त्याच्या पानाला तोंड लावत नाहीत, आणि उघड्या माळावर ते टिकून राहिले याचे हे मोठे कारण आहे. बाकी कुठलीही कोवळी पालवी चराईत गेली असती. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे, आणि धारूरच्या डोंगराचे नाव ‘धारूर-6’ या वाणाने पुढे नेले आहे. जिल्ह्याबाहेर बार्शी तालुक्यात गोरमाळे आहे. तिथल्या नवनाथ कसपटे यांनी निवडलेला ‘एनएमके-1 गोल्डन’ हा कमी बियांचा, जास्त दिवस टिकणारा वाण आज अनेक जिल्ह्यांतल्या बागांमध्ये दिसतो.

अंजिराचे घर पुण्याकडे, पुरंदर तालुक्यात. दिवे, राजेवाडी, सोनोरी या गावांच्या अंजिरालाही 2016 सालीच मानांकन मिळाले. तिथून बीड दोनशे किलोमीटरांहून जास्त लांब, आणि अंजिराला एवढा प्रवास सोसत नाही. सीताफळ टणक असताना उतरवले तरी गवताच्या अढीत दोन-चार दिवसांत पिकते. अंजिराचे तसे नाही. झाडावर असताना जी गोडी आली तेवढीच, तोडल्यावर ते फक्त मऊ पडते. म्हणून ते पिकल्यावरच तोडावे लागते आणि मग हातात जेमतेम एक-दोन दिवस उरतात. ताज्या अंजिराच्या पाककृती आपल्याकडे फारशा रुळल्या नाहीत, त्यामागे हे साधे कारण असावे. बासुंदीत आणि बर्फीत जाते ते वाळलेले अंजीर. ताजे मिळाले की लोक तसेच खातात.

दोन्ही फळे मऊ, दोन्ही गोड, दोन्हीत भरपूर बिया. तरी त्यांची घडण अगदी उलटी आहे. सीताफळ एकाच फुलातून तयार होते. त्या फुलाच्या मध्यभागी अनेक स्त्रीकेसर दाटीने बसलेले असतात. ज्यांचे परागीभवन होते ते वाढतात, एकमेकांना चिकटतात आणि त्या सगळ्यांचे मिळून एक फळ होते. सालीवरचा प्रत्येक डोळा म्हणजे एक स्त्रीकेसर, आणि त्याच्याआड बहुधा एक पाकळी व तिच्या पोटात एक बी. परागीभवनाचे काम बारीक भुंगेरे करतात. ते कमी पडले की काही स्त्रीकेसर रिकामे राहतात आणि फळ वाकडेतिकडे वाढते. अंजिरात मात्र एक फूल नसून शेकडो फुले असतात आणि ती सगळी आतल्या बाजूला. आपण जे खातो ती फुले धरणारी मांसल पिशवी. बीडच्या प्रत्येक ओढ्याकाठी उभे असलेले उंबर याच कुळातले. उंबर फोडल्यावर आत चिलटासारखे किडे निघतात, कारण त्याची फुले फळवायला विशिष्ट जातीची गांधीलमाशी आत शिरावी लागते. ‘मग अंजीर शाकाहारी कसे?’ असा प्रश्न अलीकडे मोबाइलवर फिरत असतो. आपल्याकडच्या ‘पूना’ जातीच्या अंजिरापुरते उत्तर सरळ आहे. ही जात परागीभवनाशिवायच फळ धरते, तिला माशीची गरज पडत नाही.

आता पुन्हा पातेल्याकडे. अंजिराचा देठ तोडला की पांढरा चीक गळतो. त्यात फिसिन नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. त्याचे काम प्रथिने तोडणे. दुधातले केसीन हे प्रथिन सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असते आणि प्रत्येक गोळ्यावर बारीक लव असल्यासारखा प्रथिनाचा एक थर असतो. त्या थरामुळे गोळे एकमेकांना चिकटत नाहीत, दूध दूधच राहते. फिसिन हा थर छाटून टाकते. गोळे एकत्र येतात आणि दूध साकळते. वासराच्या पोटातल्या रेनेटने चीज करतात तेव्हाही हेच घडते. होमरच्या ‘इलियड’मध्ये अंजिराच्या रसाने दूध झटकन घट्ट होण्याची उपमा आहे, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या लोकांना ही युक्ती फार जुन्या काळापासून ठाऊक होती. रेनेट आणि अंजीर यांच्यात एक फरक मात्र आहे. रेनेट मुख्यतः नेमक्या जागी घाव घालून थांबते. फिसिन थांबत नाही. ते प्रथिनाचे आणखी बारीक तुकडे करत राहते आणि त्यातले काही तुकडे जिभेला कडू लागतात. अंजिराच्या फुटलेल्या दुधाला कडवटपणा येतो तो असा.

हे घरी सहज पाहता येते. दोन वाट्यांत कोमट दूध घ्यावे. एकीत थोड्या कच्चट अंजिराच्या देठाजवळची फोड कुस्करून घालावी. दुसरीत तशीच फोड पाच-सात मिनिटे पाण्यात उकळून मग घालावी. पहिल्या वाटीत कडेने बारीक कण दिसू लागतात, चमचा फिरवला की ते कण एकमेकांना धरतात आणि मधे निळसर पाणी सुटते. दुसरी वाटी तशीच राहते. फिसिन ऐंशी अंशांच्या पुढे निकामी होते. पन्नास-साठ अंशांना ते उलट सर्वांत जोमाने काम करते. म्हणून ‘दूध थोडे गरम आहे, चालेल’ हा हिशेब सर्वांत घातकी.

यातूनच ताज्या अंजिराच्या बासुंदीची रीत ठरते. अंजिराचे देठ आणि देठाखालचा पांढरा भाग काढून टाकायचा. फोडी चमचाभर तुपावर घालून, त्यांना रस सुटून चांगले बुडबुडे येईपर्यंत शिजवायच्या. नुसत्या गरम करून भागत नाही. मग आटवलेले दूध खाली उतरवून त्यात हा गर मिसळायचा. पूर्ण पिकलेल्या अंजिरात चीक फार कमी उरतो, त्यामुळे एखाद्या वेळी न शिजवताही निभावते. पण पेटीतली सगळी फळे सारखी पिकलेली नसतात, आणि पातेले नासायला एखादे अर्धे कच्चे फळ पुरते. चायना ग्रासच्या जेलीला या विकराचा उपद्रव होत नाही, कारण चायना ग्रास म्हणजे पिष्टमय पदार्थांच्या कुळातले कर्बोदक. जिलेटिन हे प्रथिन, त्यात ताजे अंजीर घातले तर जेली बसतच नाही.

जे विकर दूध नासवते तेच तिखटाच्या स्वयंपाकात उपयोगी पडते. मटण मऊ व्हावे म्हणून त्याला कच्ची पपई चोळतात. पपईतले पपेन आणि अंजिरातले फिसिन एकाच जातकुळीची विकरे. काळ्या मसाल्याच्या मटणाला पपईऐवजी दोन अंजिरे कुस्करून लावली तर मांस मऊ होते आणि रश्श्याला मागून हलकी गोडी येते. अर्धा-पाऊण तास पुरे. रात्रभर ठेवले तर वरचा थर पिठूळ होतो. भाकरीबरोबर खायला अंजिराची चटणीही उत्तम होते. तव्यावर लसूण आणि हिरवी मिरची भाजून घ्यावी, त्याच तव्यावर अंजिराच्या फोडी कडा करपेपर्यंत परताव्यात आणि मीठ-लिंबू घालून ठेचाव्यात. अंजिराला स्वतःचा आंबटपणा फार थोडा, म्हणून लिंबू हवेच. ज्वारीच्या भाकरीच्या तुरट चवीशी ही चटणी फार छान जमते. अंजीर न मिळणाऱ्या गावांत कच्च्या उंबराच्या दोड्यांची भाजी करतात. दोड्या चिरून, उकडून, ते पाणी टाकायचे आणि मग फोडणी द्यायची. बंगालमध्ये डुमुर म्हणजे रानटी अंजिराची भाजी घरोघरी याच रीतीने होते. उकडून पाणी टाकण्यामागे चीक घालवणे हाच हेतू. हा चीक हाताची कातडीही सोलतो. त्याच्या जोडीला अंजिराच्या झाडात सोरालेन नावाची द्रव्ये असतात. ती लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की भाजल्यासारखे चट्टे उठतात. म्हणून बागेत तोडणी करणाऱ्यांना हातमोजे हवेत.

सीताफळात असे दूध फोडणारे काही नाही. थंड दुधात त्याचा गर खुशाल घालावा. त्याचे वैर आहे ते आचेशी. साठ अंशांच्या आसपास गेला की गर कडवट होऊ लागतो, जास्त वेळ तापला की तांबूसही पडतो. म्हणून सीताफळाच्या बासुंदीची रीत अंजिराच्या उलट आहे. दूध आटवायचे, साखर घालायची, पूर्ण गार करायचे आणि अगदी शेवटी गर. गर घातल्यावर पातेले पुन्हा गॅसवर चढवायचे नाही. रघुनंदन कामत यांनी 1984 साली मुंबईत जुहूला ‘नॅचरल्स’ सुरू केले आणि त्यांचे सीताफळाचे आइस्क्रीम गाजले, त्यामागेही हेच शास्त्र आहे. आइस्क्रीममध्ये दूध आधी तापवता येते आणि गर थंड मिश्रणात घालता येतो.

अडचण अशी की गर नुसता ठेवला तरी काळा पडतो. फळ फोडल्यावर पेशी फुटतात आणि आतले विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने गर तपकिरी करते. चिरलेले वांगे काळे पडते तीच क्रिया. बहुतेक फळांच्या बाबतीत कारखान्यात यावर सोपा इलाज असतो, गर तापवून विकर मारून टाकायचे. सीताफळात तो इलाज बंद, कारण तापवले की कडू. उरतात दोन मार्ग. लिंबू किंवा क जीवनसत्त्व घालायचे, आणि लगेच गोठवायचे.

गर काढण्याचे काम वेळखाऊ आहे आणि ते तसेच राहिलेले बरे. पिकलेले फळ दोन अंगठ्यांनी दुभंगायचे, चमच्याने पाकळ्या चाळणीवर घ्यायच्या आणि पळीच्या पाठीने हलक्या हाताने फिरवायच्या. खाली मलईसारखा गर उतरतो, वर काळ्याभोर बिया उरतात. सालीला अगदी खरवडायचे नाही, कारण सालीलगतचा थर दाताखाली वाळूसारखा लागतो. तिथे कठीण भिंतींच्या अश्मपेशींचे पुंजके असतात, पेरूत असतात तसेच. घाई करून बियांसकट मिक्सर फिरवणे मात्र कटाक्षाने टाळावे. बियांत अॅसिटोजेनिन गटातली विषारी द्रव्ये असतात. कीटक मारण्याइतकी ती तीव्र आहेत. बियांची पूड उवांवर लावायची जुनी पद्धत आहे आणि ती पूड डोळ्यांत जाऊन बुबुळाला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी नेत्रतज्ज्ञांनी केल्या आहेत. अख्खी बी गिळली गेली तर तिच्या कठीण कवचामुळे ती तशीच बाहेर पडते. फुटलेली बी धोक्याची.

आता या दोन फळांच्या बाजाराकडे पाहिले की आचेचे महत्त्व कळते. 2024 च्या ऑगस्टमध्ये पुरंदरच्या अंजिराचा तयार रस अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या मदतीने पोलंडला रवाना झाला. पुरंदर हायलँड्स या शेतकऱ्यांच्या कंपनीने तो तयार केला होता. मऊ पडलेल्या, डागी अंजिरांनाही असा मार्ग मिळू शकतो, कारण अंजिराचा रस तापवून, निर्जंतुक करून बाटलीत भरता येतो आणि साध्या कपाटात टिकतो. बीडच्या सीताफळाला ही वाट नाही. त्याच्या गरातही आंबटपणा कमी, त्यामुळे बाटलीत टिकवायला जास्तच उष्णता द्यावी लागेल आणि ती दिली की चव गेली. सीताफळ उणे अठरा अंशांतच टिकते, आणि गर काढल्यापासून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत ही साखळी कुठेही तुटून चालत नाही. अख्खे फळ थंडीत ठेवून भागत नाही, कारण बारा-तेरा अंशांच्या खाली त्याची साल काळी पडते आणि पुढे ते नीट पिकत नाही.

यात वेळेचा पेच आहे. फळ डोंगरात एकदम तयार होते. डोळ्यांमधल्या फटी रुंदावून पिवळसर दिसू लागल्या, म्हणजे डोळा पडला, की ते उतरवावे लागते. त्यानंतर चार दिवसांत विकले गेले नाही तर जनावरांपुढे जाते. आणि याच दिवसांत जिल्ह्यातल्या हजारो कुटुंबांची ऊसतोडीला निघायची तयारी चाललेली असते. पाटीभर सीताफळे घेऊन रस्त्याला बसलेली बाई संध्याकाळी मिळेल त्या भावाला ती देऊन टाकते, कारण उद्या त्यांना कोणी हात लावणार नाही.

म्हणून सीताफळासाठी मोठ्या कारखान्याची, बॉयलरची भाषा करण्यात अर्थ नाही. गर काढायला बचत गटाच्या हातांना चाळणी आणि स्वच्छ ओटा पुरतो. धारूर-अंबाजोगाईच्या डोंगरपायथ्याला गावोगाव हवी ती गर झटपट गोठवणारी छोटी शीतपेटी, तिला हंगामातले दोन-अडीच महिने न तुटणारी वीज, आणि पुण्या-मुंबईच्या आइस्क्रीमवाल्यांपर्यंत जाणारी थंड गाडी.