थंडीत गाडी उभी ठेवून गरम करावी की लगेच निघावं?

नोव्हेंबर संपत आला की आमच्या गल्लीतली सकाळ आवाजावरूनच ओळखू येते. फजरची नमाज पढून माणसं घरी परतत असतात, बेकरीतून पावाच्या लाद्या सायकलवर निघालेल्या असतात आणि त्याच वेळी कुणीतरी गाडीला चावी मारतं. गाडी सुरू होते, पण निघत नाही. दहा-पंधरा मिनिटं तिथेच घुरघुरत राहते. मालक आत जाऊन चहा घेतो, मुलांचे डबे भरले जातात. तळमजल्यावरच्या खाला तेवढा वेळ खिडकी घट्ट लावून बसतात. त्यांना दम्याचा त्रास आहे आणि सायलेन्सरचं तोंड नेमकं त्यांच्या खिडकीकडे असतं.

एकदा आम्ही त्या मालकाला विचारलंच, "भाई, रोज एवढा वेळ कशासाठी?" उत्तर तयार होतं, "थंडी आहे ना! गरम न करता काढली तर इंजिन खराब होतं. अब्बांनीच शिकवलंय."

अब्बांनी चुकीचं शिकवलं नव्हतं. पण अब्बांची गाडी वेगळी होती. हा फरक समजून घेतला तर पेट्रोल वाचतं, इंजिन जास्त टिकतं आणि शेजाऱ्याचा श्वासही मोकळा राहतो.

जुन्या गाडीला वेळ का लागायचा?

अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, सुरुवातीच्या काळातली मारुती ८०० या गाड्यांमध्ये कार्बोरेटर असायचा. हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण तो करायचा. पण बाहेर किती थंडी आहे, इंजिन किती गार आहे, हे त्याला कळत नसे. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. मिश्रण पातळ पडतं आणि गाडी बंद पडते. म्हणून चोक ओढायचा. चोक ओढला की हवा कमी जाते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. मग इंजिन थोडं तापेपर्यंत थांबायचं आणि हळूहळू चोक आत ढकलायचा. घाई केली तर गाडी चौकात मधोमध बंद पडणार आणि मागून हॉर्न सुरू होणार. त्या काळात 'गरम करून घे' हा सल्ला अगदी योग्य होता.

आता बहुतेक गाड्यांमध्ये कार्बोरेटरच नाही. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं आहे. इंजिनातला सेन्सर पाण्याचं, म्हणजे कूलंटचं तापमान मोजतो आणि ईसीयू नावाचा छोटा संगणक त्यानुसार किती पेट्रोल सोडायचं ते ठरवतो. चोकचं काम आपोआप होतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाल्यावर बहुतेक दुचाकीही इंजेक्शनवर आल्या.

सकाळी गाडी सुरू केल्यावर आरपीएमचा काटा एकदम वर जातो आणि थोड्या वेळाने खाली येतो, हे तुम्ही पाहिलं असेल. हे त्या संगणकाचंच काम. गार इंजिन बंद पडू नये म्हणून तो स्वतःच थोडी रेस वाढवतो. काटा खाली येऊ लागला की निघायला हरकत नाही. त्याला साधारण अर्धा ते एक मिनिट लागतो.

"पण ऑइल वर चढायला नको का?"

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं आणि थंडीत ते घट्टही होतं. मात्र इंजिन सुरू होताच ऑइल पंप फिरू लागतो आणि काही सेकंदांत दाब तयार होतो. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझतो तो त्यामुळेच. म्हणजे ऑइल पोहोचायला सेकंद लागतात, पंधरा मिनिटं नाहीत.

इथे महत्त्वाचं ठरतं ते ऑइलचं ग्रेड. डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असं छापलेलं असतं. त्यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल थंडीत लवकर वाहतं. कंपनीने ५डब्ल्यू सांगितलेलं असताना चार पैसे वाचवायला २०डब्ल्यू टाकलं, तर थंडीच्या सकाळी इंजिनाला त्याचा त्रास होणारच. गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं ग्रेड वापरलं तर इंजिनाची अर्धी काळजी तिथेच मिटते.

उभ्या गाडीत इंजिन गरम होतच नाही, म्हटलं तरी चालेल

आपण गाडी उभी ठेवतो ती इंजिन लवकर तापावं म्हणून. होतं उलटं. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, म्हणून इंधन कमी जळतं आणि उष्णताही कमी तयार होते. इंजिन कोमटच राहतं. तीच गाडी हळूहळू चालवली तर काही मिनिटांत तिचं तापमान नेहमीच्या पातळीवर, म्हणजे ९० अंशांच्या आसपास येऊ लागतं. डिझेल इंजिन तर उभ्या उभ्या फारच सावकाश तापतं.

गार इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं, हे वर आलंच आहे. त्यातलं काही न जळता सिलिंडरच्या भिंतींवर बसतं, तिथला ऑइलचा थर धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं. म्हणजे इंजिन जितका वेळ गार राहील तितकी झीज जास्त. इंजिन वाचवायला आपण जे करतो, त्यानेच त्याचं नुकसान होतं.

शिवाय तापायचं असतं ते फक्त इंजिनाने नाही. गिअरबॉक्स, चाकांचे बेअरिंग, टायर, शॉक अ‍ॅबसॉर्बर हे सगळं रात्रभर गारठलेलं असतं. ते गाडी चालल्याशिवाय मोकळं होत नाही.

आमच्या ओळखीचे एक गॅरेजवाले उस्ताद यावर फार सोपं बोलतात. ते म्हणतात, "उठल्या उठल्या माणसाला पळायला लावू नका, पण अंथरुणातही बसवून ठेवू नका. चालू द्या." त्यांचा राग आहे तो रेस देणाऱ्यांवर. गार इंजिनाला उभ्या उभ्या घूं-घूं रेस देणं हे सगळ्यात वाईट. ऑइल अजून घट्ट असतं, पिस्टन आणि सिलिंडर पुरते फुगून जागेवर बसलेले नसतात आणि आपण त्यांना पूर्ण वेगाने पळवतो. टर्बो असलेल्या गाडीत तर हे मुळीच करू नये.

खिशाचा हिशेब

लहान पेट्रोल कार उभ्या उभ्या तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. रोज दहा मिनिटं धरली तर महिन्याला अडीच ते पाच लिटर होतात. लिटरमागे शंभर रुपये जरी धरले तरी अडीचशे ते पाचशे रुपये गेले आणि गाडी एक फूटही पुढे सरकली नाही. हिवाळ्याच्या चार महिन्यांचे हजार ते दोन हजार झाले. ज्यांचं पोट टॅक्सीवर किंवा टेम्पोवर आहे, त्यांना ही रक्कम लहान नाही.

धुराचं गांभीर्य

पैसे गेले तर परत कमावता येतात. धुराचं तसं नाही. गाडीच्या सायलेन्सर लाइनमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. विषारी वायूंचं प्रमाण कमी करणं हे त्याचं काम. पण तो साधारण अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. त्यामुळे गाडी सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटं सर्वात घाण धूर बाहेर पडतो. तोच धूर आपण गल्लीत, खिडक्यांखाली, शाळेत निघालेल्या मुलांच्या तोंडाच्या उंचीवर सोडत असतो. थंडीत गार हवा जमिनीलगत साचून राहते, म्हणून तो लवकर वर जात नाही.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. ऑक्सिजनच्या तुलनेत तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग रक्त फिरत राहतं, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, झोप येते. झोप येते, हाच सर्वात मोठा धोका. माणसाला वाटतं दमलोय, जरा डोळा लागू द्यावा. तो डोळा पुन्हा उघडेलच असं नाही.

म्हणून हे नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. बंद गॅरेजमध्ये किंवा शटर लावलेल्या गाळ्यात गाडी, बाईक किंवा जनरेटर कधीही सुरू ठेवू नका. शटर अर्धं उघडं आहे, यावर भरवसा ठेवू नका. थंडीच्या रात्री हीटरसाठी इंजिन चालू ठेवून, काचा लावून गाडीत झोपू नका. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हर भावांनी हे विशेष लक्षात ठेवावं. कुणाला त्रास झालाच, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच १०८ ला फोन करा.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी करताना चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा. गाडी चालू ठेवून घरात चहाला जाणं यात बसत नाही. चोराची सोय होते ती वेगळीच.

मग थांबायचं कधी?

काही वेळा थांबणं योग्यच आहे. तुमच्याकडे कार्बोरेटरची जुनी गाडी किंवा जुनी स्कूटर असेल तर चोक देऊन एक-दोन मिनिटं द्या. डिझेल गाडीत चावी फिरवल्यावर स्प्रिंगसारखं चिन्ह असलेला दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबा, मगच स्टार्ट करा. बहुतेक सीएनजी कार आधी पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन थोडं तापलं की सीएनजीवर जातात. म्हणून टाकीत थोडं पेट्रोल कायम ठेवा.

काचेवर धुकं किंवा दव जमलं असेल तर ते साफ झाल्याशिवाय निघूच नका. हा इंजिनाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. बाहेरून काच पुसा. आतून वाफ धरली असेल तर ब्लोअर काचेकडे वळवून एसी लावा. एसी हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून थंडीतही तो कामाला येतो.

आणि खरी कडाक्याची थंडी म्हणाल, तर ती लडाखात. तिथे पारा उणे तीसपर्यंत उतरतो आणि साधं डिझेल टाकीतच गोठू लागतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास हिवाळी डिझेल आणलं ते यासाठीच. आपल्याकडे थंडीच्या लाटेत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेला तरी तो लडाखपासून फार दूर आहे. मुंबई-कोकणाबद्दल तर बोलायलाच नको.

सकाळी इतकंच करा

गाडीजवळ गेल्यावर आधी बॉनेटवर दोन थापा मारा. रात्री उबेसाठी मांजर आत शिरून बसलेलं असू शकतं. मग चावी मारा. सीटबेल्ट लावा, आरसे पाहा, काच पाहा. एवढ्यात अर्धा मिनिट होतोच. त्यानंतर सरळ निघा, पण पहिले चार-पाच किलोमीटर हळू. जोरात अ‍ॅक्सिलरेटर नको, गिअर ताणायचा नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन गार असेपर्यंत निळा दिवा दिसतो. तो विझला तरी आणखी थोडा वेळ सबुरीने चालवा, कारण कूलंटपेक्षा ऑइल तापायला जास्त वेळ लागतो.

गाडी रोज सकाळी रडत-रखडत सुरू होत असेल, तर दोष थंडीचा मानून मोकळे होऊ नका. बॅटरी थंडीत कमजोर पडते, ती तपासून घ्या. सुरुवातीला सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब येणं साधं आहे. पण इंजिन तापल्यावरही पांढरा किंवा निळसर धूर येत राहिला, तर उस्तादांना दाखवा. ते दुखणं उभ्या उभ्या गरम करून बरं होत नाही.

आमच्या गल्लीतल्या त्या भाईंना आम्ही हे सगळं सांगितलं. इंजिनाची गोष्ट त्यांना लगेच पटली नाही. "बघू," म्हणाले. मग खालांच्या खिडकीचं सांगितलं, तेव्हा ते गप्प झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा आधी घेतला आणि चावी नंतर मारली. अर्ध्या मिनिटात गाडी गल्लीबाहेर होती. आता त्या वेळी खालांची खिडकी उघडी असते.